शुद्धीवर येण्याचीं सात वर्षें

गेल्या पावसाळ्यांत एका रविवारीं माझा एक जुना विद्यार्थी घाटकोपरहून आमच्या मुलुंडच्या घरीं आला. वर्गांत असतांना नको तेथें प्रश्न विचारून तो माझ्या व्याख्यानाची घडी विस्कटीत असे, त्यामुळें तो माझ्या चांगला स्मरणांत होता. पुढें त्यास एका मोठ्या कंपनींत नोकरी लागली व कामानिमित्त यूरोपांत जाणें-येणें सुरू झालें. दोन वर्षांपूर्वीं त्याचे वडील वारले. तेव्हांपासून मनास जी मरगळ आली ती गोळ्यांनीं हटेना. शेवटीं कोणाच्या तरी सांगण्यावरून तो हॉलंडमधील एका शिबिरांत गेला. सायलोसायबिन नांवाचें द्रव्य ज्यांत असतें अशा एका बुरशीच्या गांठी त्या देशांत उघडपणें विकतां येतात; त्या खाऊन, डोळ्यांवर पट्टी बांधून, दोन माणसांच्या सोबतींत तो एक दिवस पडून राहिला.

"सर, पांच तास मी नव्हतोंच," तो मला म्हणाला, "आणि जें होतें त्यांत भिण्यासारखें कांहीं नव्हतें. बाबाहि होते." मग बराच वेळ तो खिडकीबाहेरच्या पावसाकडे पाहत बसला. "त्याला आतां चार महिने झाले. मरगळ गेली हें खरें. पण रोज सकाळीं घाटकोपरच्या फलाटावर उभा राहतों, गाडी येते, लोक चढतात, मीहि चढतों. हें सगळें कशासाठीं चाललें आहे तेंच मला आठवत नाहीं. परत जाऊन आणखी एकदां घ्यावें असें वाटतें. घेऊं का?"

शिबिराच्या चालकांनीं निघतांना एक शब्द त्याच्या हातीं दिला होता: इंटिग्रेशन. आलेला अनुभव रोजच्या आयुष्यांत जिरवा, असा त्याचा अर्थ. त्यासाठीं दोन वेळां संगणकाच्या पडद्यावरून ते त्याच्याशीं बोलले, आणि तेथें त्यांचें कर्तव्य संपलें.

मी इतिहासाचा शिक्षक. वैद्य नव्हे, आणि साधक तर मुळींच नव्हे. चांगल्या मानसोपचारतज्ज्ञाकडे जा, आणि दुसऱ्यांदा घेण्याचा विचार मनांतून काढून टाक, एवढें मीं त्यास सांगितलें व त्यानेंहि तें मानलें. पण तो गेल्यावर मला राहून राहून एका घराची आठवण होऊं लागली. तें घर पुण्याच्या लष्कर भागांतलें, एका इराणी कुटुंबाचें. आणि साल १९१४. त्या घरांतील एकोणीस वर्षांच्या मुलाच्या बाबतींत जें घडलें तें कोणत्याहि औषधानें घडलें नव्हतें. तरीहि माझ्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाशीं त्याचा संबंध फार जवळचा आहे, आणि तो कसा तें सांगण्यासाठींच हा लेख लिहीत आहें.

प्रथम शब्दाविषयीं थोडें. इंटिग्रेशनास आपल्या पंडितांनीं 'एकात्मीकरण' असा प्रतिशब्द केव्हांच देऊन टाकला असेल. मला त्यापेक्षां स्वयंपाकघरांतला 'मुरणें' हा शब्द अधिक नेमका वाटतो. फोडी, मीठ व तेल एकत्र केल्यानें लोणचें होत नाहीं. बरणीचें तोंड बांधून ती फडताळांत ठेवावी लागते, आणि मधून मधून कोणीतरी ती हलवावी लागते. घाई केली तर फोड कच्ची राहते, आणि विसर पडला तर बुरशी धरते.

त्या काळांत माणूस शुद्धीच्या पलीकडे गेला म्हणजे समाज त्याचें काय करीत असे, हें आधीं पाहिलें पाहिजे. मुलुंड आणि ठाणें यांच्यामध्यें मनोरुग्णालयाचें मोठें आवार आहे. तेथील कांहीं जमीन रेल्वेच्या नव्या स्थानकासाठीं देण्याचें ठरल्यापासून त्याचें नांव आम्हां उपनगरवासीयांच्या तोंडीं बरेंच येतें. नौपाड्याचें हें इस्पितळ १९०१ सालचें. तत्पूर्वीं मुंबईच्या वेड्यांची रवानगी कुलाब्यास होत असे. अशा इस्पितळांच्या दप्तरांत 'वेडाचें कारण' असा एक रकाना असे. हिंदुस्थान सरकारनें १८९३ सालीं भांग, गांजा व चरस यांच्या चौकशीसाठीं सात सभासदांचें एक कमिशन नेमलें. त्यानें ११९३ साक्षी घेतल्या आणि दुसऱ्या वर्षीं आपला सात खंडांचा अहवाल सादर केला. या कमिशननें त्या रकान्याची जी झडती घेतली ती प्रत्येक इतिहासाभ्यासकानें वाचण्याजोगी आहे. १८९२ सालीं ब्रिटिश हिंदुस्थानांतील इस्पितळांत जे १३४४ वेडे नव्यानें दाखल झाले त्यांपैकीं २२२ जणांच्या नांवापुढें गांजासारख्या पदार्थाचें कारण लिहिलेलें होतें. कमिशननें एक एक प्रकरण उलगडून पाहिलें तेव्हां टिकण्याजोगीं अवघीं ९८ निघालीं. रोग्याचें पूर्ववृत्त कोणास ठाऊक नसे. पोलिसाच्या किंवा मॅजिस्ट्रेटच्या कागदावर कांहीं तरी कारण भरावें लागे. आणि गांजा हें हाताशीं असलेलें सोईचें कारण होतें.

त्याच १८९२ सालीं नागपूरच्या वेड्यांच्या इस्पितळांत ताजुद्दीन नांवाचा, पूर्वीं पलटणींत असलेला एक तरुण दाखल करण्यांत आला. तो तेथें सोळा वर्षें राहिला. हळूहळू लोक त्याच्या दर्शनास इस्पितळाच्या दारांतच जमूं लागले, आणि १९०८ सालीं राजे रघूजीराव भोसले यांनीं त्यास सन्मानानें बाहेर काढून आपल्याकडे नेलें. ताजुद्दीनबाबा म्हणून पुढें ते सर्व वऱ्हाड-नागपुरांत पूज्य झाले. म्हणजे त्या काळीं शुद्ध हरपलेल्या माणसास दोनच दारें उघडीं होतीं. एक इस्पितळाचें, दुसरें दर्ग्याचें. कोणत्या दारांतून कोण आंत जाईल हें बहुधा योगायोगावर अवलंबून असे, आणि ताजुद्दीन तर एका दारानें आंत जाऊन दुसऱ्यानें बाहेर आले.

आतां पुण्याच्या त्या घराकडे वळूं. मेरवान शेरियार इराणी यांचा जन्म २५ फेब्रुवारी १८९४ रोजीं पुण्यांत झाला. वडील शेरियारजी हे तरुणपणीं फकीर होऊन वर्षानुवर्षें हिंडलेले, आणि पुढें संसारांत पडलेले. आई शिरीनबाई करारी व व्यवहारी. मुलगा सेंट व्हिन्सेंट शाळेंत शिकला व १९११ सालीं डेक्कन कॉलेजांत दाखल झाला. क्रिकेट खेळणारा, कविता करणारा, मित्रांत रमणारा असा तो होता. लष्कर भागांत चार बावडीपाशीं एका कडुनिंबाखालीं हजरत बाबाजान नांवाची एक अतिवृद्ध पठाण फकिरीण बसत असे. मे १९१३ मध्यें मेरवान सायकलवरून जात असतां तिनें त्यास हांक मारली. तेव्हांपासून तो रोज संध्याकाळीं तिच्यापाशीं जाऊन बसूं लागला. दोघांत बोलणें फारसें होत नसे. जानेवारी १९१४ मधील एका रात्रीं तिनें त्याच्या कपाळाचें चुंबन घेतलें. तो घरीं आला, अंथरुणावर पडला, आणि तेथून पुढें तीन दिवस उघड्या डोळ्यांनीं निश्चेष्ट पडून राहिला.

नंतर तो उठला, चालूंहि लागला. पण सुमारें नऊ महिने त्यास ना धड झोंप होती ना भूक. पुढें आलेलें अन्न तो कुत्र्यांस किंवा भिकाऱ्यांस देऊन टाकी. आईनें डॉक्टर आणले. त्यांनीं झोंपेचीं औषधें दिलीं. कशाचाहि उपयोग झाला नाहीं. हवापालट व्हावा म्हणून त्यास थोरल्या भावाकडे मुंबईसहि पाठवून पाहिलें. शिरीनबाई त्या फकिरिणीकडे जाऊन, माझ्या मुलाचें हें काय करून ठेवलेंस, म्हणून भांडून आल्या.

येथें वाचकांस एक सूचना दिली पाहिजे. हा सारा वृत्तान्त भक्तांच्या व चाहत्यांच्या लेखणींतून आलेला आहे. इंग्रज लेखक सी. बी. पर्डम यांचें चरित्र १९३७ सालीं लंडनला प्रसिद्ध झालें, म्हणजे घटनेनंतर तेवीस वर्षांनीं. आणि तोंवर मेरवानचे मेहेरबाबा होऊन त्यांचा संप्रदाय देशोदेशीं पसरला होता. अशा साधनांवर इतिहासकारानें किती भिस्त ठेवावी? माझा नियम असा आहे कीं, भक्त चमत्कार वाढवितो, परंतु आईनें औषध पाजलें आणि ती भांडून आली, हें तो पदरचें घालीत नाहीं. कारण त्यापासून त्याच्या दैवताचा महिमा वाढत नाहीं. चुंबनानें काय दिलें हा भाविकांचा प्रश्न. त्या दोन-चार मिनिटांनंतरचीं वर्षें हा माझा.

आणि खरी कथा तेथेंच आहे. एप्रिल १९१५ पासून मेरवान भटकूं लागला. केडगांवास नारायणमहाराजांकडे गेला, नागपुरास ताजुद्दीनबाबांकडे गेला, डिसेंबरांत शिरडीस साईबाबांकडे गेला. साईबाबांनीं त्यास जवळच्या खंडोबाच्या देवळाकडे वळविलें. तेथें काशीनाथ गोविंद उपासनी राहत असत. साताण्याचे हे ब्राह्मण. जन्म १८७० सालचा. अमरावतीस वैद्यकी करून चुकलेले. स्वतः श्वासाच्या कांहीं विकारानें व मनाच्या उलथापालथीनें गांजून शिरडीस आलेले आणि खंडोबाच्या देवळांत उपाशी, उघडे बसलेले. मेरवान दृष्टीस पडतांच त्यांनीं एक दगड उचलून त्यास फेंकून मारला, आणि तो नेमका कपाळावर, जेथें बाबाजाननें चुंबन घेतलें होतें तेथें बसला, असें सांगतात. नेमकेपणाबद्दल मी आग्रह धरणार नाहीं. मेहेरबाबांनीं स्वतः पुढें या दगडाचा अर्थ सांगितला तो असा कीं, चुंबनानें मी जग विसरलों होतों आणि या दगडापासून मला जगाचें भान परत येऊं लागलें.

परत येऊं लागलें, आलें नाहीं. भान येण्यास त्यानंतर सहा वर्षें लागलीं, आणि चुंबनापासून मोजलें तर जवळ जवळ आठ. अनुयायी यास सात वर्षें म्हणतात, आणि मीहि तोच आंकडा मथळ्यांत घातला आहे. जाणें सुखाचें होतें, येणें यातनेचें होतें, असें त्यांचें म्हणणें. या काळांत ते एकटे असतांना दगडावर कपाळ आपटून घेत. त्या वेदनेनें तेवढा वेळ तरी शरीर आपलें आहे हें कळत असे. दुसरीकडे त्यांचा दिनक्रम पाहिला तर तो अगदीं कोणाहि होतकरू इराणी पोराचा आहे. कांहीं काळ कावसजी खटाऊ यांच्या नाटकमंडळींत व्यवस्थापक. मग वडिलांच्या चहाच्या दुकानांत. मग पुण्यांतच भागीदारीनें चालविलेल्या ताडीच्या दुकानावर. तेथें बाटल्या विसळणें, झाडणें, गिऱ्हाइकांस ताडी देणें, आणि वर त्यांनाच कमी पीत जा म्हणून सांगणें! ज्याची नशा जगांतल्या कोणत्याहि मद्याहून जबर होती म्हणतात, त्यास शुद्धीवर येण्यासाठीं ताडीच्या बाटल्या धुवाव्या लागल्या. कोणा नाटककारानें हा प्रवेश लिहिला असता तर टीकाकारांनीं त्यास कृत्रिम ठरविलें असतें.

संध्याकाळीं बाबाजानपाशीं बसणें आणि सवड काढून उपासनींकडे जाणें हें या सर्व काळांत चालूंच होतें. उपासनी १९१७ पासून शिरडीजवळच्या साकोरीस राहूं लागले होते. जुलै १९२१ मध्यें मेरवान साकोरीस गेला तो सहा महिने तेथेंच राहिला, आणि वर्षाअखेर उपासनींनीं त्याचें काम पुरें झाल्याचें सांगून त्यास मोकळें केलें. शिरीनबाई तत्पूर्वीं उपासनींशींहि भांडून आल्या होत्या. १९२२ च्या आरंभीं हा तरुण पुण्यास फर्ग्युसन कॉलेजच्या रस्त्यालगत एका झोंपडींत राहूं लागला, आणि त्याच वर्षीं मुंबईंत दादरला 'मंझिल-ए-मीम' नांवाच्या घरांत चाळीस-पंचेचाळीस अनुयायांस घेऊन कडक शिस्तींत त्यानें बिऱ्हाड थाटलें. पुढचा इतिहास, म्हणजे मेहेराबाद, १० जुलै १९२५ पासून मरेपर्यंत पाळलेलें मौन, पाश्चात्य देशांतील दौरे, हा सर्वांस ठाऊक आहे व येथें त्याचें प्रयोजनहि नाहीं.

मला या हकीकतींत एक गोष्ट विशेष दिसते. पाठविणारी एक होती आणि परत आणणारा दुसरा होता. बाबाजानचें काम एका क्षणांत झालें. ती आपल्या कडुनिंबाखालीं होती तेथेंच राहिली. परत आणण्याचें काम मात्र एका माजी वैद्याकडे आलें, आणि त्यास वर्षें लागलीं. तिसरें काम, ज्याचा उल्लेख चरित्रकार ओझरता करतात, तें घरच्या माणसांचें: त्याच्यापुढें रोज ताट वाढणें, तें कुत्र्यास गेलें तरी दुसऱ्या दिवशीं पुन्हां वाढणें, दुकानांत त्याच्यासाठीं काम राखून ठेवणें, आणि लोकांच्या तोंडास तोंड देणें. शेरियारजींना फकिरीचा अनुभव होता म्हणून ते गप्प राहिले; शिरीनबाईंना तो नव्हता, आणि त्या गप्प राहिल्या नाहींत. दोन्हीं गोष्टींचा मुलास उपयोगच झाला असावा असें मला वाटतें. सारें घर त्याच्या स्थितीपुढें हात जोडून बसलें असतें तर त्यास परत येण्यासाठीं घरच उरलें नसतें.

परत येण्याचें दुःख ज्यानें भोगलें त्यास तसल्या इतरांची कणव येणें स्वाभाविक होतें. १९३६ सालीं मेहेरबाबांनीं राहुरीस वेड्यांसाठीं एक आश्रम काढला. तेथें ते स्वतः त्या माणसांस न्हाऊ घालीत, त्यांची हजामत करीत, त्यांचे संडास झाडीत. पुढें दहा-बारा वर्षें त्यांनीं हिंदुस्थानभर हिंडून 'मस्त' म्हणून ओळखले जाणारे, म्हणजे ईश्वराच्या धुंदींत जगाचें भान गेलेले म्हणून ज्यांस मानतात असे शेंकडों लोक शोधून काढले. या प्रवासांचा वृत्तान्त विल्यम डंकिन या इंग्रज डॉक्टरानें 'दि वेफेअरर्स' या ग्रंथांत १९४८ सालीं छापला. मस्त कोणता आणि वेडा कोणता हें ठरविण्याची त्यांतील खटपट आधुनिक मानसशास्त्रज्ञास पटेलच असें नाहीं. पण गांव, तारीख, माणसाच्या अंगावर काय होतें, त्यानें काय मागितलें, चहा घेतला कीं विडी, इतक्या बारकाईनें रस्त्यावरच्या भ्रमिष्टांची नोंद ठेवणारें दुसरें पुस्तक माझ्या पाहण्यांत नाहीं. इस्पितळाच्या रकान्यापेक्षां ही नोंद अधिक माणुसकीची आहे.

मेरवानच्या सायकलीनंतर तीस वर्षांनीं दुसरी एक सायकल इतिहासांत अवतरली. स्वित्झर्लंडमधील बाझल शहरांत आल्बर्ट हॉफमान या रसायनशास्त्रज्ञानें १९३८ सालीं एल्. एस्. डी. हें द्रव्य प्रथम तयार केलें होतें. १९ एप्रिल १९४३ रोजीं त्यानें त्याचा पाव मिलिग्रॅम स्वतः घेतला, आणि मदतनिसाच्या सोबतीनें सायकलवरून घरीं जातां जातां त्याचें जग वितळूं लागलें. सँडोझ कंपनीनें १९४७ पासून हें औषध डॉक्टरांस देण्यास सुरुवात केली. कॅनडांतील सस्कॅचिवन प्रांतांत हंफ्री ऑस्मंड यानें अट्टल मद्यप्यांवर त्याचा प्रयोग केला. 'सायकेडेलिक', म्हणजे मन उघड करून दाखविणारें, हा शब्दहि त्याचाच. प्राग येथें स्तानिस्लाव्ह ग्रोफ यानें १९५६ पासून मानसोपचारांत त्याचा अभ्यास केला. मग हें औषध दवाखान्याच्या दाराबाहेर पडलें. हार्वर्ड विद्यापीठानें १९६३ सालीं टिमथी लीअरी व रिचर्ड अल्पर्ट या दोन अध्यापकांस काढून टाकलें, आणि तें द्रव्य अमेरिकन तरुणांच्या हातोहात फिरूं लागलें.

याच तरुणांपैकीं कांहीं जणांना देव दिसल्यासारखें झालें होतें, आणि दिसला तो खरा कीं खोटा हें विचारावयास ते अहमदनगरजवळ, पिंपळगांव माळवीच्या शिवारांतील मेहेराझाद येथें येऊं वा पत्रें लिहूं लागले. (अहमदनगरास आतां अहिल्यानगर म्हणतात.) त्यांत हार्वर्डच्या त्या मंडळींत वावरलेला अ‍ॅलन कोहेन हा मानसशास्त्राचा अभ्यासक होता, मिळेल त्या वाहनानें मजल दरमजल करीत १९६५ सालीं येऊन पोंचलेला रॉबर्ट ड्रेफस होता. ड्रेफसला मेहेरबाबांनीं आपल्यापाशीं ठेवून घेतलें नाहीं. हीं द्रव्यें सोड, देशीं परत जा, आणि आपल्या बरोबरीच्यांस त्यांपासून परावृत्त कर, असें सांगून त्यास वाटेस लावलें. स्वतः वर्षें घालवून जो घरीं परत आला होता त्यानें इतक्या दूरवरून आलेल्या पोरास पहिली आज्ञा घरीं जाण्याची करावी, यांत मला त्याच्या जुन्या दुःखाचा प्रतिध्वनि ऐकूं येतो.

१९६६ सालीं मेहेरबाबांचीं या विषयावरील मतें 'गॉड इन अ पिल?' या छोट्या पुस्तिकेंत अमेरिकेंत प्रसिद्ध झालीं. औषधानें येणारा अनुभव हा सत्याचा आभास होय, आणि त्याची पुनरावृत्ति शरीर, मन व आत्मा या तिघांसहि घातक होय, हा तिचा मथितार्थ. मी पुष्कळ वर्षें असें समजत होतों कीं हा सरसकट निषेध आहे. ती पुस्तिका नीट वाचल्यावर माझी चूक ध्यानांत आली. जुनाट दारूबाजी, तीव्र खिन्नता आणि मनाचे विकार यांवर वैद्याच्या देखरेखीखालीं या द्रव्याचा रास्त उपयोग होऊं शकतो, असें तींत स्पष्ट म्हटलेलें आहे. त्याच वर्षीं सँडोझनें एल्. एस्. डी. चा पुरवठा थांबविला, कॅलिफोर्नियानें तें बेकायदा ठरविलें, आणि १९७१ च्या आंतरराष्ट्रीय करारानंतर तर वैद्यांचा व हौशी मंडळींचा एकाच दोरीनें गळा आवळला गेला. सरकारांस जो भेद करतां आला नाहीं तो नगरच्या या मौनी पुरुषानें केला होता. त्याचा बाकी निवाडा मला जरा कडक वाटतो. तो अधिकारवाणीनें दिलेला आहे, पुराव्यानें नव्हे, आणि अधिकारवाणी हा माझ्या विषयांत पुरावा धरीत नाहींत.

यानंतरचीं तीस वर्षें ओसाड गेलीं. २००६ सालीं जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठांत रोलंड ग्रिफिथ्स यांनीं सायलोसायबिनवरील आपला प्रयोग प्रसिद्ध केला, तेव्हां शास्त्रज्ञ पुन्हां या विषयाकडे वळले. २०१६ सालीं कर्करोगाच्या रोग्यांस मरणाच्या भीतींत या उपचारानें दिलासा मिळाल्याचे दोन अभ्यास निघाले. ऑस्ट्रेलियानें जुलै २०२३ पासून ठराविक मानसोपचारतज्ज्ञांस मर्यादित परवानगी दिली. उलट अमेरिकेच्या औषध-नियंत्रकांनीं एम्. डी. एम्. ए. चा उपचार ऑगस्ट २०२४ मध्यें नामंजूर केला. आपल्याकडे १९८५ च्या अंमली पदार्थांच्या कायद्यानें हीं सर्व द्रव्यें निषिद्ध आहेत. भांगेच्या नुसत्या पानास तेवढी त्यांतून सूट आहे. भूल देण्याचें केटामिन मात्र कायद्याच्या मर्यादेंत राहून डॉक्टर खिन्नतेवर वापरतात. येथील मानसोपचारास जुन्या साधनमार्गांचें वावडें होतें असेंहि नाहीं. परळच्या के. ई. एम्. रुग्णालयांत डॉ. एन्. एस्. वाहिया यांनीं १९६० नंतरच्या दशकांत पतंजलीच्या आधारें रोज करावयाचा एक उपचार बसविला होता. त्यांत झगमगाट कांहीं नव्हता. रोज येऊन बसावें लागे, इतकेंच.

नव्या प्रयोगांतील मला महत्त्वाचे वाटणारे आंकडे दोन आहेत. २०२२ सालीं २३३ खिन्न रोग्यांवर झालेल्या एका मोठ्या चांचणींत सायलोसायबिनच्या पंचवीस मिलिग्रॅमच्या एका मात्रेनें तीन आठवड्यांनीं स्पष्ट गुण दिसला. पण बाराव्या आठवड्यापर्यंत तो टिकून राहिलेले त्या गटांत पांचांत एकच होते. दुसरा आंकडा एम्. डी. एम्. ए. च्या चांचण्यांतला. तेथें औषधाच्या आठ-आठ तासांच्या तीन बैठकींमागें, अनुभव मुरविण्यासाठीं म्हणून, नव्वद मिनिटांच्या नऊ बैठकी नेमल्या होत्या. म्हणजे साडेतेरा तास. इतर शिबिरांच्या मानानें हें पुष्कळ म्हटलें पाहिजे. माझ्या विद्यार्थ्यास तर दोनच वेळां पडद्यावरचें बोलणें लाभलें. पण साकोरी, ताडीचें दुकान आणि शिरीनबाईंचें ताट यांच्या शेजारीं साडेतेरा तास ठेवून पाहिले म्हणजे परत आणणाराचा हिशेब कोणीच पुरता मांडलेला नाहीं असें दिसतें. औषधाची मात्रा मिलिग्रॅममध्यें मोजतां येते, आणि कंपनीस तिची किंमतहि लावतां येते. आईनें वाढलेल्या ताटाची मात्रा कोणत्या कोष्टकांत बसवावी?

दिवाळीच्या सुमारास माझा विद्यार्थी पुन्हां आला. तो डॉक्टरांकडे नियमानें जात होता. दुसऱ्यांदा घेण्याचा विचार त्यानें अजून सोडला नव्हता, पण पुढें ढकलला होता. मीं त्यास मेरवानची हकीकत सांगितली. ताडीच्या दुकानाशीं आल्यावर तो प्रथमच मोकळेपणानें हंसला, आणि म्हणाला कीं गेल्या महिन्यापासून सोसायटीच्या पाण्याच्या टाकीचा हिशेब त्याच्याकडे आला आहे. लोक रात्रीं दहा वाजतां दार ठोठावून पाणी कां नाहीं म्हणून विचारतात. "त्यांना मी काय सांगणार, सर? उठतों आणि मोटार लावतों."

तो गेल्यावर दोन दिवसांनीं त्याच्या आईचा फोन आला. माझा नंबर त्यांनीं त्याच्याच वहींतून घेतला होता, आणि त्या हळू आवाजांत बोलत होत्या. बहुधा तो शेजारच्या खोलींत असावा. आधीं त्यांनीं माझ्या प्रकृतीची चौकशी केली, सौभाग्यवतींची केली, मुलुंडला पाणी कसें येतें तें विचारलें. मग म्हणाल्या, "सर, जेवतो आतां नीट. पण जेवतां जेवतां मधेंच थांबतो आणि माझ्याकडे बघत बसतो. हा पूर्वीसारखा केव्हां होईल हो?"

डॉक्टर काय म्हणतात तें मीं विचारलें. वेळ लागेल म्हणतात, असें त्या म्हणाल्या. मीहि, वेळ लागेल, असेंच म्हणालों. किती, तें त्यांनीं विचारलें नाहीं, आणि माझ्यापाशीं जो आंकडा होता तो मीं त्यांस सांगितला नाहीं.